बुधवारी पहाटे अडीचला बंद पडणारं स्टेशन: डीएस३२३१ चा अलार्म वाजतो, पण कंट्रोलर उठत नाही

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, दोन एकर द्राक्षबाग आहे. अडचण नीट कळावी म्हणून सगळं लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बागेत हवामानाचं एक छोटं स्टेशन बसवलंय. एटीमेगा३२८पी कंट्रोलर, ३.३ व्होल्टवर, ८ मेगाहर्ट्झ. तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, पान किती वेळ ओलं राहतंय ते बघणारी पट्टी, एसडी कार्ड आणि वेळेसाठी डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं (आरटीसी) निळं मॉड्यूल. सगळं तीन पेन्सिल सेलवर. दर दहा मिनिटांनी आरटीसीचा पहिला अलार्म वाजतो, तिची आयएनटी (इंटरप्ट) पिन खाली येते, पिन चेंज इंटरप्टमुळे (पिनची पातळी बदलली की मिळणारा इशारा) कंट्रोलर पॉवर-डाऊन झोपेतून उठतो, नोंद करतो, अलार्म वाजल्याची खूण म्हणजे फ्लॅग पुसतो, पुढचा अलार्म लावतो आणि परत झोपतो. कामाच्या बाकावर आठ दिवस न चुकता चाललं.

रानात लावल्यावर चौथ्या रात्री बंद पडलं. कार्डावर शेवटची नोंद पहाटे २.३० ची. शुक्रवारी बागेत गेलो तेव्हा कळलं. रीसेट दाबलं, लगेच सुरू झालं, घड्याळाची वेळही बरोबर होती. मग पाचव्या रात्री पुन्हा बंद, पुन्हा शेवटची नोंद २.३० ची.

फळछाटणी होऊन फुटवे निघालेत. रात्री दव किती तास बसलं, पान कधी सुकलं, यावर डाऊनी रोगाची फवारणी घ्यायची की थांबायचं ते ठरतं. नेमक्या त्याच तासांची नोंद माझ्याकडे नाही. सेल बदलले, वायरींना नव्याने डाग दिले, कार्ड बदललं. आता कुठे बघू?

सोल्डर_आणि_चहा

माझा संशय एसडी कार्डावर. लिहिताना कार्ड क्षणभर बराच करंट ओढतं, पहाटे गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खचतं आणि कंट्रोलर लटकतो. कार्डाजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून बघ.

मायक्रोअँप_मिरज

द्राक्षवेल दादा, स्टेशन आत्ता बंद अवस्थेतच असेल तर रीसेट अजिबात दाबू नका, आणि आरटीसीचा बटण सेलही काढू नका. सगळा पुरावा त्या चिपमध्ये आहे.

कार्डाची शंका रास्त आहे, पण २.३० ची ओळ कार्डावर पूर्ण लिहिली गेली आहे ना? असेल तर लिहिताना लटकलं असं म्हणता येत नाही. काम संपवून झोपल्यावरच काहीतरी बिनसलंय.

आता मल्टीमीटर घ्या आणि आयएनटी पिन ते ग्राउंड व्होल्टेज मोजा. ही पिन ओपन ड्रेन आहे, म्हणजे चिप ती फक्त खाली ओढू शकते, वर धरतो तो बाहेरचा पुल-अप रोध. अलार्म वाजला की चिप ती खाली ओढते, आणि फ्लॅग पुसेपर्यंत खालीच धरून ठेवते. त्यामुळे 'स्टेशन उठत नाही' या एकाच लक्षणामागे दोन वेगळे आजार असतात. पिन वर असेल तर अलार्म वाजलेलाच नाही. खाली असेल तर अलार्म वाजलाय, पण कंट्रोलरला ते कळलं नाही. उपचार दोन्हींचे अगदी वेगळे, म्हणून आधी मोजा.

आणि दोन्ही वेळा वार कोणता होता?

द्राक्षवेल

ताई, डबा तसाच घरी घेऊन आलोय, काही दाबलेलं नाही. आयएनटी पिनवर ०.०२ व्होल्ट. म्हणजे खालीच आहे.

२.३० ची ओळ दोन्ही वेळा पूर्ण आहे.

वार बघायला कॅलेंडर काढलं. पहिल्यांदा मंगळवारची रात्र उलटून बुधवारची पहाट. दुसऱ्यांदाही बुधवारची पहाट. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मायक्रोअँप_मिरज

वार आणि वेळ दोन्ही तंतोतंत जुळताहेत, म्हणजे सेल, वायर, गारठा यांचा संबंध नाही. गारठ्याला बुधवार कळत नाही. वार ठाऊक असलेली एकच गोष्ट त्या डब्यात आहे.

एक छोटा प्रोग्रॅम लिहा. चिपला काहीही लिहायचं नाही, फक्त ०७ ते ०एफ ही नऊ रजिस्टरं (चिपच्या आतले नोंदीचे कप्पे) वाचून हेक्समध्ये सिरियलवर छापायची. प्रोग्रॅम चढवताना कंट्रोलर रीसेट होईल, ते चालेल. आरटीसीला त्याचा पत्ता लागत नाही, तिचं पोट जसंच्या तसं राहतं.

द्राक्षवेल

हे आलं:

०७: ००
०८: ४०
०९: ८०
०ए: ८०
०बी: ३०
०सी: ०२
०डी: ४४
०ई: १एफ
०एफ: ०३

पहिली चार माझी आहेत, तिसऱ्या-चौथ्यातला ८० म्हणजे तास आणि वार बघू नको, फक्त मिनिट-सेकंद जुळव. पुढची तीन मी कधीच लिहिलेली नाहीत. डेटाशीट उघडून बसलोय, तरी ताई तुम्हीच सांगा.

मायक्रोअँप_मिरज

सापडलं.

०बी, ०सी, ०डी ही दुसऱ्या अलार्मची रजिस्टरं. त्यात सेकंद नसतात, हा अलार्म मिनिटाच्या सुरुवातीलाच वाजतो. आकडे बीसीडीत आहेत, म्हणजे हेक्समध्ये दिसतो तोच नेहमीचा आकडा, म्हणून सरळ वाचायचे: मिनिट ३०, तास ०२. ०डी मधल्या ४४ चे दोन भाग करा. ४० म्हणजे 'तारीख नव्हे, वार बघ' असं सांगणारा बिट, उरलेला ४ म्हणजे चौथा वार. रविवारला १ धरला तर चौथा बुधवार. वारांचे आकडे चिप ठरवत नाही, आपण वेळ लावताना देऊ तसे. तुमच्या लायब्ररीने रविवारपासून मोजलेत.

आता ०ई, म्हणजे कंट्रोल रजिस्टर. चिपला पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा त्यात १सी असतं. पहिल्या अलार्मचा इंटरप्ट चालू केला की १डी व्हायला हवं. तुमच्याकडे १एफ आहे, म्हणजे दुसऱ्या अलार्मचाही इंटरप्ट चालू आहे. तुम्ही सुरुवातीला हे रजिस्टर वाचून त्यात आपला एक बिट मिळवत असणार. आधीपासून चालू असलेला दुसरा बिट त्यामुळे तसाच राहिला.

शेवटचं ०एफ, स्टेटस. ०३ म्हणजे १ अधिक २, पहिल्या आणि दुसऱ्या अलार्मचे दोन्ही फ्लॅग उभे आहेत. यावरून पहाटे काय झालं ते पायरी पायरीने लागतं. बुधवारी २.३० ला दोन्ही अलार्म एकाच क्षणी वाजले, पिन खाली आली, कंट्रोलर उठला. नोंद केली, पहिल्याचा फ्लॅग पुसला, २.४० चा अलार्म लावला, झोपला. पण दुसऱ्याचा फ्लॅग कुणीच पुसला नाही, म्हणून पिन खालीच राहिली. २.४० ला पहिला अलार्म आपल्या वेळेवर वाजला, तो ०३ मधला १ त्याचाच. पण पिन आधीच खाली होती. पिन चेंज इंटरप्टला बदल हवा, खालची पिन आणखी खाली जाणार कशी? कंट्रोलर झोपूनच राहिला.

रीसेट दाबल्यावर सुरू का व्हायचं, तर सुरुवातीच्या कोडमध्ये तुम्ही स्टेटस रजिस्टर सरसकट शून्य करत असाल. दोन्ही फ्लॅग पुसले जायचे आणि पुढच्या बुधवारपर्यंत सगळं ठीक.

आता एकच प्रश्न उरतो. बुधवारी पहाटे अडीचचा अलार्म तिथे लावला कुणी?

द्राक्षवेल

ताई, सुरुवातीचं कोड तुम्ही न बघता सांगितलंत. खरंच तसंच आहे, वाचून बिट मिळवलाय आणि स्टेटस शून्य केलंय.

अलार्म मीच लावलाय. जेवताना वडिलांना हे सांगत होतो, ते लगेच म्हणाले, "अरे, गेल्या वर्षी बुधवारी रात्रीची लाईट होती नव्हं?" त्या वेळी विहिरीच्या मोटरीसाठी टायमर केला होता. आमच्या फीडरला त्या पाळीत बुधवारी मध्यरात्रीनंतर थ्री फेज यायची, म्हणून अडीचला मोटर सुरू करायला दुसरा अलार्म वापरला होता. पुढे पाळी बदलली, टायमर काढून ठेवला. हे मॉड्यूल त्याच पेटीतून उचललं, बटण सेलसकट. वर्षभर तो मोटर लावायचा अलार्म त्या चिपच्या पोटात तसाच पडून होता.

आणि बाकावर आठ दिवस चाललं कारण तेव्हा दुसरं मॉड्यूल होतं. एसडी कार्डाला उगाच बोल लावला.

सोल्डर_आणि_चहा

मान्य, माझा नेम चुकला. वाचताना अंगावर काटा आला.

नवशिका

मला एक विचारायचंय. आरटीसी कशाला, एटीमेगामध्ये वॉचडॉग टायमर आहेच की. आठ सेकंदांनी उठवतो. पंचाहत्तर वेळा उठलं की दहा मिनिटं.

पाटणखोरं

काम होईल, पण घड्याळ होणार नाही. वॉचडॉगचा १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर चिपच्या आतला आरसी (रोध-कपॅसिटरवर चालणारा) आहे, त्याची गती तापमान आणि व्होल्टेजबरोबर सरकते. दुपारचे दहा मिनिटं आणि पहाटेचे दहा मिनिटं सारखे राहत नाहीत, आणि ही चूक साठत जाते. 'पान चार तास ओलं होतं' असं ठरवायचं असेल तर तासच डळमळीत असून चालत नाही.

साध्या ३२७६८ हर्ट्झच्या स्फटिकाचंही थोडं तसंच. २५ अंशांना तो नेमका चालतो, त्यापासून वर किंवा खाली गेलं की मागे पडतो, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. एका अंशाच्या वर्गाला दशलक्षात सुमारे ०.०३४. एप्रिलमध्ये डब्यात ४० अंश धरले तर १५ चा वर्ग २२५, म्हणजे दशलक्षात साडेसात. महिन्याला वीसेक सेकंद. डीएस३२३१ दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजून ही भरपाई करते. ० ते ४० अंशांत तिची हमी दशलक्षात २ ची आहे, म्हणजे वर्षाला एखादं मिनिट.

आता माझा अनुभव सांगतो, कारण ताईंनी सांगितलेल्या दोन आजारांपैकी पिन वर राहण्याचा आजार मी भोगलाय. साताऱ्याकडे पाटण खोऱ्यात माझं पाऊस मोजायचं यंत्र आहे. एकदा ऐन जुलैत चोवीस तासांची नोंद गायब. गेलो, मोजलं, आयएनटी पिन वर, ३.३ व्होल्ट. म्हणजे अलार्म वाजलेलाच नाही.

मी उठल्या उठल्या वेळ वाचायचो, त्यात पाच मिनिटं मिळवून ठेवायचो, मग जीएसएमवरून आकडे पाठवायचो आणि शेवटी तो अलार्म लावायचो. त्या दिवशी ढग, पाऊस, रेंज मिळेना, पाठवायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला. अलार्म लावला तेव्हा त्याची वेळ होऊन गेली होती. माझा अलार्म तास-मिनिट-सेकंद जुळवणारा, त्यामुळे ती वेळ पुन्हा आली ती दुसऱ्या दिवशीच. चिपच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं. ती फक्त 'आत्ताची वेळ याच्याशी जुळते का' एवढंच बघते, 'ही वेळ निघून गेली का' हे ती बघत नाही. ते आपण बघायचं.

तेव्हापासून अलार्म लिहून झाल्यावर मी घड्याळ पुन्हा वाचतो. लावलेली वेळ मागे गेली असेल किंवा दोन सेकंदांच्या आत येत असेल, तर पुढची वेळ लावतो. मगच झोप.

मायक्रोअँप_मिरज

पाटणखोरं यांनी सांगितलेली फट जशी मिनिटांची, तशीच एक मायक्रोसेकंदांचीही असते. कंट्रोलर झोपायच्या तयारीत आहे, आणि 'झोप' ही सूचना येण्याच्या अगदी आधी अलार्म वाजला. इंटरप्ट येऊन गेला, त्याचं काम झालं, आणि मग कंट्रोलर झोपला. आता त्याला उठवणारं कुणी नाही. वर्षभरात एकदाच होईल, पण तेव्हा कारण शोधून सापडणार नाही.

उपाय सोपा आहे. झोपण्यापूर्वी इंटरप्ट बंद करा. आयएनटी पिन वाचा. खाली असेल तर झोपूच नका, परत कामाला लागा. वर असेल तर इंटरप्ट चालू करा आणि लगेच पुढची सूचना झोपेची द्या, दोन्हींच्या मध्ये काहीही नको. एव्हीआरमध्ये, म्हणजे एटीमेगाच्या घराण्यात, इंटरप्ट चालू करण्याच्या सूचनेनंतरची एक सूचना आधी पार पडते आणि मगच तुंबलेला इंटरप्ट घेतला जातो. त्यामुळे अलार्म त्या क्षणी आला तरी कंट्रोलर झोपून लगेच उठतो. ही पिनची तपासणी असती तर द्राक्षवेल दादांचं स्टेशनही त्या बुधवारी झोपलं नसतं.

बरेच जण पिन चेंजऐवजी एटीमेगाचा स्वतःचा आयएनटी० इंटरप्ट वापरतात आणि पातळी खाली असण्यावर उठवतात. तेही चांगलं, पण पिन खाली असेपर्यंत तो इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो. म्हणून इंटरप्टमध्ये शिरल्याबरोबर तो बंद करायचा. आणि फ्लॅग पुसायचं काम इंटरप्टच्या आत करू नका, आरटीसीशी बोलणारी आर्डुइनोची 'वायर' लायब्ररी स्वतः इंटरप्टवर चालते, तिथेच अडकेल. आत फक्त एक खूण करा, बाकी सगळं बाहेर. माझ्याकडे प्रकल्पाला येणारी निम्मी मुलं इथे अडकतात.

सोल्डर_आणि_चहा

करंटबद्दल मी बोलू शकतो, तिथे नेम चुकायचा नाही.

पिन खाली अडकली की नुसती नोंदच जात नाही, सेलही जातो. मॉड्यूलवर आयएनटीला ४.७ किलोओहमचा पुल-अप आहे. ३.३ भागिले ४.७, म्हणजे ०.७ मिलीअँपिअर सतत जमिनीत. दिवसाला जवळपास १७ मिलीअँपिअर-तास. नीट झोपलेलं स्टेशन त्याच्या कितीतरी कमी खातं. म्हणून उठल्याबरोबर आधी फ्लॅग पुसावा, नोंद नंतर.

त्या मॉड्यूलवरचा पॉवरचा एलईडी काढलाय का? नसेल तर आजच काढ, रात्रंदिवस जळतो.

दुसरं, फार महत्त्वाचं. या निळ्या मॉड्यूलवर बटण सेल चार्ज करणारा एक डायोड आणि २०० ओहमचा रोध असतो. तो चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी. आपण सगळे साधा सीआर२०३२ घालतो, जो चार्ज करायचा नसतो. ३.३ व्होल्टवर डायोडनंतर २.७ च्या आसपास उरतात, त्यामुळे धोका कमी. पण बाकावर यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावलं की सेलवर ४.४ व्होल्ट चढतात. सेल फुगतो, गळतो. मी गळलेला सेल बघितलाय, मॉड्यूलवरचे ट्रॅक खाऊन टाकले होते. तो रोध गरम करून उचलून टाक.

अजून वाचवायचं असेल तर चिप बटण सेलवरच चालवता येते. व्हीसीसीवर, म्हणजे मुख्य पुरवठ्यावर, चिप निवांत असतानाही ३.३ व्होल्टला ११० मायक्रोअँपिअरपर्यंत घेऊ शकते, बॅटरीच्या बाजूने तेच काम कमाल ३ मायक्रोअँपिअरमध्ये. त्यासाठी व्हीसीसीची पिन, दुसरी, मॉड्यूलवरून उचलून ग्राउंडला जोडायची, आणि कंट्रोल रजिस्टरमधला सहावा बिट (शून्यापासून मोजून) १ करायचा. हा बिट शून्य असेल तर व्हीसीसी गेल्यावर आयएनटी पिन सुटी पडते, अलार्म आत वाजतो, बाहेर ऐकूच येत नाही. २२० मिलीअँपिअर-तासांचा सीआर२०३२ कागदावर आठ वर्षं पुरतो. पण मग त्या सेलवरच सगळं घड्याळ, हे लक्षात ठेवून होल्डरचे पत्रे घट्ट आहेत का ते बघ.

नवशिका

माझ्याकडे ईएसपी८२६६ हा वायफायवाला कंट्रोलर आहे. डीएस३२३१ ची आयएनटी सरळ त्याच्या रीसेटला जोडली तर चालेल?

पाटणखोरं

सरळ जोडू नको. अलार्म वाजला की पिन खाली राहते, म्हणजे रीसेट दाबूनच धरला जातो. कंट्रोलर रीसेटमध्ये असेपर्यंत फ्लॅग पुसू शकत नाही, आणि फ्लॅग पुसेपर्यंत रीसेट सुटत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. मध्ये एक छोटा कपॅसिटर टाक आणि रीसेटच्या बाजूला पुल-अप ठेव, म्हणजे पिन खाली येताना फक्त एक झटका पोचतो.

द्राक्षवेल

दोन बुधवार थांबून लिहितोय, आधी लिहायची हिंमत नव्हती.

सुरुवातीला आता काहीही वाचून मिळवत नाही. कंट्रोल, स्टेटस आणि दोन्ही अलार्म, सगळी रजिस्टरं मी स्वतः पूर्ण लिहितो. चिपच्या पोटात आधी काय होतं याच्याशी मला देणंघेणं नाही. उठल्यावर दोन्ही फ्लॅग पुसतो, अलार्म लावून घड्याळ पुन्हा वाचतो, झोपण्यापूर्वी पिन बघतो. एलईडी आणि तो २०० ओहमचा रोध काढला. व्हीसीसीचा पाय उचलायचं धाडस अजून केलं नाही, हंगाम संपल्यावर करीन.

आणि ताई, दुसरा अलार्म बंद केलेला नाही. त्याला पहाऱ्यावर बसवलंय. फक्त मिनिट जुळवायचं, दर तासाला पाचव्या मिनिटाला. ०बी मध्ये ०५, पुढच्या दोन्हींत ८०. पहिला अलार्म काही कारणाने हुकला तर हा तासाभरात येऊन उठवतो आणि पहिला पुन्हा लावतो. कंट्रोल रजिस्टर वाचलं तर परत १एफ च दिसतं, पण आता ते मी लिहिलेलं आहे.

वडील रोज सकाळी विचारतात, "रात्री किती वेळ दव होतं?" काल बुधवार होता. कार्डावरून उतरवतो:

२.२०, १८.९ अंश, आर्द्रता ९३, पान ओलं
२.३०, १८.८ अंश, आर्द्रता ९४, पान ओलं
२.४०, १८.८ अंश, आर्द्रता ९४, पान ओलं

सकाळी ७.५० ला पान सुकलं. आता बुधवारच्या पहाटेचीही सगळी नोंद हातात येते आहे.